अनंता, तुझ्या गिटारचे पडदे

अनंता, तू गेलास त्याला आज सव्वीस दिवस झाले. तुझ्या नव्या गिटारची दांडी पडवीतल्या टेबलावर आहे तशीच आहे. रोज सकाळी मी तिच्यावरचं फडकं काढतो, दोन्ही टोकांना हात लावून बघतो, रंधा उचलतो, परत ठेवतो आणि फडकं टाकतो. आतून ही विचारते, "ठरलं काय?" मी म्हणतो, बघतो.

बेस गिटार कसली करायची, यावर आपण दोघे वर्षभर बोललो. लाकूड ठरलं, लांबी ठरली, तारा किती ते ठरलं, आकारसुद्धा ठरला. फक्त पडदे राहिले. दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात ते पडदे. बोट कुठे दाबायचं ते त्या सांगतात. त्या नसल्या तर सूर शोधणं सगळं बोटावर आणि कानावर. तू म्हणालास, पडदे नकोत. मी म्हणालो, हवेत. वाद तिथेच राहिला आणि तू गेलास. आता सुजाता म्हणते, "काका, बाबांची गिटार पुरी करा, गायन पार्टीला देऊ." तुझी मुलगी काही मागते तेव्हा नाही म्हणता येत नाही. पण पुरी करायची म्हणजे ते एक उत्तर मला एकट्याला द्यायचं आहे.

तिनेच मला दोन पानं लिहायलाही सांगितली. आपल्या गायन पार्टीची स्मरणिका निघते आहे, त्यात तुझ्यावर. जन्म कुठला, पाटबंधारे खात्यात किती वर्षं, ते सगळं पार्टीचे गायक जनूदादा लिहितात. "तुम्ही फक्त आठवणी लिहा," म्हणाली. तीन दिवस बसून मी आठवणी लिहिल्या. एसटीच्या टपावर ढोलकी आणि गिटार बांधून केलेले प्रवास, नाटे गावच्या खाडीवर खाल्लेलं कालवण, तू माझ्या लग्नात वाजवता वाजवता जेवायचा राहिलास ते. वाचून पाहिलं आणि फाडलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण एक गोष्ट सोडून बाकी सगळं होतं. ती एक गोष्ट आज लिहितो.

आधी हे गेलं वर्ष. ते चांगलं गेलं, अनंता. माझ्या म्हातारपणातलं सगळ्यात चांगलं.

तू आलास, पायरीवर चप्पल काढता काढताच म्हणालास, "सुदाम, अजून एक करूया." मी विचारलं, काय? म्हणालास, गिटार. मी म्हणालो, करूया. तू मला पटवायला घरून चार-पाच मुद्दे तयार करून आला होतास. ते तुझ्या तोंडातच राहिले. जरा हिरमुसलास, मग हट्टाने ते मुद्दे तरीही सांगितलेस आणि मला ऐकावे लागले. मी इतक्या झटकन हो का म्हणालो, हे तू विचारलं नाहीस.

लाकडावरून पहिला वाद. मला परत फणस हवा होता, तुझ्या पहिल्या गिटारसारखा. तू म्हणालास, फणसाने एक खांदा खाल्ला, दुसरा शाबूत राहू दे. मग शिवणीचं हलकं लाकूड ठरलं. पालीला माझ्या चुलतभावाच्या माळ्यावर शिवणीची फळी होती, दाराला ठेवलेली, वीस वर्षं वाळलेली. ती आणली. पण शिवणीचीही जाडी किती ठेवायची? तुझ्या खांद्याला किती झेपेल ते तुलाच सांगता येईना. तेव्हा मी कापडी पिशवीत तांदूळ भरून ती पट्ट्याने तुझ्या गळ्यात अडकवली आणि उभा राहून एक गाणं पुरं म्हणायला लावलं. तीन किलोला तू हसत होतास. चारला कडवं गाळलंस. पाचला मधेच खाली बसलास आणि म्हणालास, "एवढ्या वजनाचा नातूसुद्धा मी खाली ठेवतो." साडेतीन किलो ठरलं. मी आयुष्यभर दारं, खिडक्या, देव्हारे, शाळेची बाकं केली. तांदळाने वजन ठरवून केलेली वस्तू ही पहिलीच.

तारा चार की पाच? पाचवी तार खालच्या सुरांसाठी. मी म्हणालो, तुला कशाला? तू म्हणालास, "मला नको, जनूदादांना हवी. काळी चारवरून घसरत घसरत आता जिथे गातात, तिथे चार तारा पोचत नाय." त्या दिवशी इतके हसलो की ही बाहेर येऊन बघून गेली. शेवटी चारच ठरल्या, तुझी बोटं आखडली होती म्हणून. त्याच कारणाने दांडीही आखूड. आकार तू कागदावर काढून आणलास. तो गिटारपेक्षा बांगडा मासळीसारखा जास्त दिसत होता. मी तसं म्हटलं तर तुला राग आला, पण दुसऱ्या दिवशी शेपटीकडे थोडा गोल करून आणलास.

आणि मग पडदे. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. एकेका पडद्याची जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत काढून कागदावर मांडली होती. तुला दाखवली. तू कागद हातात घेतला नाहीस.

"पडदे नकोत, सुदाम. चुकलं तर माझं बोट चुकलं, एवढं तरी साफ कळेल."

मला वाटलं, तुला माहीत आहे.

आता मूळ गोष्ट. पार्टीतल्या नव्या मंडळींना ती ठाऊक नाही आणि जुन्यांना चुकीची ठाऊक आहे.

आपण तिशीत होतो. पार्टीत जनूदादा गायला आणि पेटीला, मी ढोलकीला, तू कोरसमध्ये. मुंबईची एक पार्टी इकडे कार्यक्रमाला आली आणि तिच्यात बेस गिटार होती. तू तो आवाज छातीत ऐकलास आणि तुझं दुसरीकडे लक्ष लागेना. त्यांचा गिटारवाला दुपारी झोपला तेव्हा त्याला विचारूनच मी त्या गिटारची मापं घेतली. आकार कागदावर छापून घेतला. पडद्यांची मापं मात्र मी एकापुढे एक अशी घेतली. पहिल्या पडद्यापासून दुसरा किती, दुसऱ्यापासून तिसरा किती, अशी वीस अंतरं वहीत लिहिली.

घरी फणसाची गिटार घडवली. दांडीवर चिकटवायच्या लाकडी पट्टीवर पहिली खूण केली, करवतीने खाच पाडली, पडदा बसवायची. मग त्या खाचेच्या कडेला फुटपट्टी लावून पुढचं अंतर मोजलं, खाच पाडली. पुन्हा तिच्या कडेला फुटपट्टी. प्रत्येक वेळी करवतीच्या पात्याची जाडी अंतरात मिसळत गेली. नखाच्या जाडीएवढी. दाराच्या चौकटीला नखाएवढा फरक म्हणजे काहीच नाही, रंध्याच्या दोन हातांत जातो. म्हणून मला तो दिसलाच नाही. पण दुसऱ्या पडद्याला एक नख, पाचव्याला चार, बाराव्याला अकरा. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मात्र मी मूळ गिटारच्या एकूण मापाने बसवली, म्हणजे बरोबर. परिणाम असा की खाली सूर ठीक लागायचे, आणि जसजसं बोट वर जाईल तसतसा सूर चढा व्हायचा. बोट कितीही बरोबर ठेवलं तरी.

गिटार गाजली. फणसाच्या लाकडाची, रत्नागिरीत घडवलेली. गावोगाव लोक कार्यक्रमानंतर तिला हात लावायला यायचे आणि तू मला पुढे ओढून म्हणायचास, "मी फक्त वाजवतो. कारागीर हा."

नाटे गावच्या कार्यक्रमात ते झालं. मुंबईहून कोणी कॅसेट भरायला आलं होतं. तुला वरच्या पडद्यांवर जाऊन सुरांची एक फिरकी घ्यायची हौस होती, ध्रुवपद परत यायच्या आधी. त्या दिवशी तू ती घेतलीस आणि जनूदादा गाणं थांबवून माइकवरच म्हणाले, "अनंता, वर जाऊ नकोस. तुझा कान खालीच राहिलाय." सगळा मांडव हसला. तू पण हसलास. मी ढोलकीवर हात तसाच ठेवून बसलो होतो. ढोलकीवाल्याला सुराचं काय, असं तेव्हा मनाला सांगितलं.

चार दिवसांनी तुझी गिटार माझ्याकडे खुंटी बदलायला आली होती. मी सहज फुटपट्टी लावली. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर हवा. तो पाच-सहा मिलिमीटर घोडीकडे सरकलेला होता. मी परत मोजलं. मग वही काढली, आणि चूक कुठे झाली ते दोन मिनिटांत कळलं. पडद्यांची पट्टी काढून नवी बसवायची, एवढंच करायचं होतं. दोन दिवसांचं काम.

पण त्याच महिन्यात एका तांत्रिक शाळेत सुतारकाम शिक्षकाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. अर्ज तूच इंग्रजीत लिहून दिला होतास. त्यात माझ्या कामाचा नमुना म्हणून पहिली ओळ त्या गिटारचीच होती. वाद्य बनवणारा सुतार. पट्टी बदलली तर तू विचारणार, का बदलली. तुला सांगितलं तर जनूदादांना कळणार, मग सगळ्यांना.

गिटार न्यायला आलास तेव्हा तू दारातच उभा राहून विचारलंस. तुझा आवाज मला आजही तसाच ऐकू येतो, जरा ओशाळलेला, मित्राच्या कामावर संशय घेतल्यासारखा.

"सुदाम, गिटारीत काय नसेल ना? एकदा बघ ना."

मी म्हणालो, "लाकडाला काय होणार? तुझा रियाज कमी पडतो, अनंता."

तू मान डोलावलीस. "व्हय, तेच असेल," म्हणालास आणि गिटार खांद्याला लावून गेलास.

मुलाखतीच्या दिवशी तू रजा टाकून माझ्याबरोबर आलास, गिटार घेऊन. न जाणो, बघायला मागितली तर. त्यांनी खरंच मागितली. तुला आत बोलावलं आणि वाजवायला सांगितलं. मी भिंतीशी उभा राहून घामाघूम झालो होतो. तू दोन कडवी वाजवलीस आणि एकदाही पाचव्या पडद्याच्या वर गेला नाहीस. बाहेर आल्यावर म्हणालास, "तुझ्या नोकरीच्या वेळी माझा कान मध्ये नको यायला." ती नोकरी मला लागली. घर झालं, मुलींची शिक्षणं झाली, पेन्शन मिळते आहे. तुझे आभार मी तेव्हा मानले होते. कशाचे मानतो आहे ते मला माहीत होतं आणि तुला नव्हतं.

पुढच्या वर्षी जनूदादांनी तुझ्या हातात खंजिरी दिली. गिटार कार्यक्रमाला यायची बंद झाली. मग तूही कमी यायला लागलास. बायकोचं आजारपण होतं, ऑफिस होतं, कारणं खरीच होती. आणि मी वर्गात प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवायचो. सगळी मापं एकाच टोकापासून घ्यायची, एकापुढे एक घ्यायची नाहीत, चूक साठत जाते. फळ्यावर आकृती काढायचो. तीस वर्षं. सर हे कुठे शिकले, असं कोणी विचारलं नाही.

म्हणून तू नवी गिटार करूया म्हणालास तेव्हा मी झटकन हो म्हणालो. मला वाटलं, या वेळी बिनचूक पडदे बसवून देईन, तू वर जाशील, सूर लागेल, आणि काही न बोलता सगळं फिटेल. आणि तू म्हणालास पडदे नकोत. वर ते बोट चुकल्याचं वाक्य. वर्षभर मी त्याचा अर्थ लावत होतो. कधी वाटायचं, टोमणा आहे. कधी वाटायचं, याला सगळं कधीच कळलेलं आहे आणि हा मला न बोलता मोकळं करतो आहे. हळूहळू मी तोच अर्थ धरून बसलो. सोयीचा होता. तुझ्या समोर बसून चहा पिताना मी मनात म्हणायचो, याला माहीत आहे, मग वेगळं सांगायचं कशाला?

तुझ्या जलदान विधीला सगळी पार्टी आली होती. विधी झाला, पुण्यानुमोदनाला लोक बोलायला उभे राहिले. जनूदादा खुर्चीत बसूनच बोलले, उभं राहवत नाही त्यांना. डोळे पुसत पुसत म्हणाले, अनंता खाली वाजवायचा तेव्हा राजा, पण वर चढला की आम्ही सगळे डोळे मिटून घ्यायचो. लोक रडता रडता हसले. सुजाता हसली. तुझ्या फोटोला घातलेला हार माझ्यासमोर होता, आणि मीसुद्धा हसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्यानंतर आठवड्याने सुजाता जुनी गिटार घेऊन माझ्याकडे आली. तुमच्या पोटमाळ्यावर गादीच्या खोळीत गुंडाळून ठेवली होतीस. लाकूड तसंच, पिवळंधमक. नवीसाठी हिचा काही उपयोग होतो का बघा, म्हणाली. तिने मोबाइलवर सूर जुळवायचं काहीतरी उतरवून घेतलं होतं. तार छेडली की काटा हलतो आणि सूर लागला की हिरवा होतो. चारही तारा तिने हिरव्या करून घेतल्या. मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं. काटा उजवीकडे गेला आणि लाल झाला. दुसरी तार, तसंच. तिसरी.

"काका, हे बघा. बाबांचा कान चुकत नव्हता. गिटारच चुकतेय."

इतक्या वर्षांनी कोणीतरी ते बोललं. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "जुनं लाकूड आहे, सुजाता. इतक्या पावसाळ्यांत वाकलं असेल." तोंडातून आपसूक निघालं. तिने मान डोलावली. तुझ्यासारखीच.

जाताना ती एक वही ठेवून गेली. गिटारच्या खोळीतच होती. तुम्हाला वाचायला आवडेल, म्हणाली.

ती तुझ्या रियाजाची वही, अनंता. तू रियाज करत होतास हेच मला माहीत नव्हतं. खंजिरी हातात आल्यानंतरची सहा वर्षं तू सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास बसत होतास. तुझं कारकुनी अक्षर, प्रत्येक पानावर समास आखलेला. "बाराव्या पडद्यावर सूर चढतो. बोट हलके ठेवून पाहिले. तरी चढतो. दोष दाबाचा नसून कानाचा असावा." पुढे, "सुदाम म्हणतो रियाज कमी. बरोबर आहे. वेळ वाढवला." मग बऱ्याच पानांनी, "आज चढा वाटला नाही." मी तिथे थांबलो. तुझा कान सुधारला नव्हता. रोज चुकीचा सूर ऐकून ऐकून तो माझ्या चुकीला सरावला होता. चांगला कान घेऊन तू त्या गिटारपाशी बसलास, आणि सहा वर्षांत तो बिघडवून घेतलास. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून.

शेवटचं पान गेल्या वर्षीचं. शाई वेगळी, अक्षर थरथरलेलं. "नव्या गिटारला पडदे नकोत असे सुदामला सांगितले. त्याला आवडले नाही. मागच्या वेळी त्याने एवढ्या मेहनतीने पडदे बसवले आणि माझ्यामुळे ती वाजली की लोक हसू लागले. आता पुन्हा त्याच्या कामाला बोल लागू नये."

तुला माहीत नव्हतं. टोमणा नव्हता आणि क्षमाही नव्हती. तू मला सांभाळत होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी गेलो आणि सुजाताला सगळं सांगितलं. लाकूड वाकलं नाही, कालही मी खोटं बोललो, तेही सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

"पट्टी बदलायला किती दिवस लागले असते म्हणालात?"

"दोन."

"दोन दिवस," ती म्हणाली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठलो तेव्हा तिने नुसतं एवढं म्हटलं, "जनूकाकांना सांगा. मी येते. मला ऐकायचं आहे तुम्ही कसं सांगता ते." ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, अनंता. चहा विचारते, पण उभी राहून.

मालगुंडला जनूदादांकडे आम्ही दोघे गेलो, जुनी गिटार घेऊन. दादांना वाटलं आम्ही स्मरणिकेसाठी आलो. त्यांनी आपला लेख काढून ठेवला होता. मी सांगायला लागलो आणि मध्ये अडखळलो की सुजाता माझ्याकडे बघायची, मग मी पुढचं सांगायचो. दादांनी पेटी मागवली. सूर धरला, सुजाताला बाराव्या पडद्यावर तार छेडायला लावली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग भाता सोडला.

"पेटी माझ्यापुढे होती रे," म्हणाले. "मला कळायला हवं होतं. माणूस चुकतो तो कधी जास्त चुकतो, कधी कमी. ही दर वेळी तेवढीच चुकायची. मी माइकवर बोललो ते..."

मी म्हणालो, "दादा, ते तुम्हाला बोलायला मी लावलं. त्यातला वाटा मागू नका."

ते जरा हसल्यासारखे झाले. मग सुजाताला म्हणाले, "पोरी, माझा लेख दे इकडे. त्यातली एक ओळ काढायची आहे." चष्मा लावून त्यांनी ती ओळ खोडली, इतकी खोडली की कागद फाटला.

निघताना त्यांनी विचारलं, नवी कसली करतोस, पडद्यांची की बिनपडद्यांची? मी म्हणालो, ठरलं नाही. सुजाता पायरीवर उभी होती. ती मागे न बघता म्हणाली, "बाबांनी नको म्हटलं होतं."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. तुझी शेवटची इच्छा पाळायची तर बिनपडद्यांची करायला हवी. पण ती इच्छा तुझ्या मनात आली कुठून? माझ्या खोट्यातून. ती पाळली तर मी त्या खोट्यालाच मान देतो. आणि मोडली, तर तू नसताना पुन्हा माझंच खरं करतो. बिनचूक पडदे बसवण्याची हौस तर मला होतीच. ती तुझ्यासाठी आहे की माझ्या हाताची अब्रू परत मिळवायला, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. सकाळी वाटतं लावावेत, दुपारी वाटतं राहू दे. फडकं काढतो, टाकतो. तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास, हे सांगू शकेल असा माणूसच नाही. खरं ठाऊक असलेला अनंता मी कोणाला पाहूच दिला नाही. मलासुद्धा.

इथवर लिहून चार दिवस थांबलो होतो. काल तुझं शेवटचं पान परत वाचलं. तू पडदे नाकारलेस ते माझ्या नावाला बोल लागू नये म्हणून. ते नाव आता या पानांवर आहे, सगळ्यांना वाचता येईल असं. बोल लागायचा तो लागू दे. सांभाळण्यासारखं त्यात काही राहिलं नाही, त्यामुळे तुझ्या त्या 'नको'लाही काही काम उरलं नाही. म्हणून मी तुझं ऐकत नाही, अनंता. पडदे लावतो आहे. वीस. आज सकाळी वीसही खुणा केल्या आणि सुजाताला बोलावून तिच्या हाताने मोजून घेतल्या. ती आली, तिने मोजल्या, दोन वेळा. बरोबर आहेत म्हणाली आणि गेली.

खरं कळल्यावरही कदाचित तू नकोच म्हणाला असतास. म्हणाला असतास, सुदाम, आता मला कानाने शोधायचं आहे, पडद्यांची सोबत पुरे. तसं असेल तर मी पुन्हा चुकतो आहे. पण या वेळी चूक कोणाची, असं पार्टीत कोणी विचारलं, तर सांगायला मी बसलेला आहे.